मायोसीन गाळातील काटेरी सिस्ट: ही स्पिनिफेराइट्सची नवी जाती म्हणता येईल का?

अश्मवेध (धागाकर्ता)

नमस्कार. उत्तर मायोसीन काळातील समुद्री मडस्टोनच्या नमुन्यांमधून मिळालेल्या डायनोफ्लॅजेलेट (कशाभिका असलेले एकपेशीय सूक्ष्मजीव) यांच्या सिस्टांवर, म्हणजे जाड भिंतीच्या विश्रांती-अवस्थांवर, मी गेले काही महिने काम करत आहे. त्यांतील एका प्रकाराने मला अडवून ठेवले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. सुरुवातीलाच शब्दांचा खुलासा करतो: या धाग्यात ‘प्रजाती’ हा शब्द जीनस या अर्थाने आणि ‘जाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थाने वापरला आहे. मराठीत या दोन शब्दांची अदलाबदल फार होते आणि वर्गीकरणाच्या चर्चेत ती परवडत नाही.

आतापर्यंत मला या प्रकाराचे १४ नमुने मिळाले आहेत. मधला गोळा अंडाकृती असून त्याची लांबी ४८ ते ६० मायक्रॉन आहे. पट्टांच्या, म्हणजे पेशीच्या कवचाच्या तुकड्यांच्या, सीमारेषा बुटक्या पडद्यांनी दाखवल्या आहेत आणि जेथे तीन पट्टांचे कोपरे एकत्र येतात तेथून काटे निघाले आहेत. या काट्यांची टोके तीन फाट्यांची आहेत आणि प्रत्येक फाटा टोकाशी पुन्हा दुभंगलेला आहे. खालच्या टोकाला दोन काट्यांना जोडणारा एक उंच, पातळ, पंख्यासारखा पडदा आहे. येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणीही स्पिनिफेराइट्स प्रजातीतील मिराबिलिस या जातीचे नाव घेईल. परंतु मिराबिलिसमध्ये दोन कोपऱ्यांच्या मधल्या सीमारेषेवरही जादा काटे असतात. माझ्या १४ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत असे मधले काटे एक तर नाहीत किंवा पाठीच्या बाजूला एखाद-दुसराच आहे. उलटपक्षी, मधले काटे नसलेली आणि पडदा असलेली जाती म्हणून स्पिनिफेराइट्स मेंब्रेनेशियस घ्यावी, तर माझ्या नमुन्यांतील पडदा तिच्यापेक्षा बराच रुंद आणि मोठा आहे. शिवाय सिस्टमधून पेशी बाहेर पडण्याचे द्वार, म्हणजे आर्किओपाइल, मला वरच्या टोकाला दिसते.

या तीन कारणांवरून ही नवी जाती आहे असे माझे मत झाले आहे. खाली वर्णनाचा मसुदा, छायाचित्रे आणि योजलेले नाव दिले आहे. आपली मते जाणून घ्यायची आहेत.

गाळवाट

वर्णन मन लावून लिहिले आहे, म्हणून मीही सविस्तर लिहितो. सुरुवात आर्किओपाइलपासून करतो, कारण या गटात वर्गीकरणाचे सर्वाधिक वजन त्यावरच असते, काट्यांवर नव्हे.

गोनिऑलॅक्स कुळातील सिस्टमध्ये वरच्या टोकाभोवती ४ एपिकल पट्ट, त्यांखाली ६ प्रिसिंग्युलर पट्ट, मग कमरेची खाच म्हणजे सिंग्युलम, त्याखाली ६ पोस्टसिंग्युलर पट्ट आणि तळाशी १ अँटएपिकल पट्ट असा साधारण आराखडा असतो. चार्ल्स कोफॉइड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पट्टांना क्रमांक देण्याची जी पद्धत घातली, तीच आजही बहुतेक सर्व वर्णनांत चालते. स्पिनिफेराइट्समध्ये द्वार उघडते ते तिसऱ्या प्रिसिंग्युलर पट्टाच्या, म्हणजे ३″ च्या, गळून पडण्याने. हा पट्ट पाठीच्या मध्यावर असतो. आपल्या प्रकारात द्वार खरोखरच वरच्या टोकाला असेल, तर प्रश्न नव्या जातीपुरता राहात नाही. मग ती स्पिनिफेराइट्सच नव्हे, आणि कदाचित त्या कुळातलीही नव्हे.

म्हणून द्वार आणि फाटणे यांतील फरक पाहा. खरे द्वार पट्टांच्या सीमारेषांवरून उघडते. त्यामुळे त्याच्या कडा सरळ असतात, कोपरे ठळक असतात आणि प्रत्येक नमुन्यात आकार तोच येतो. दाबामुळे किंवा प्रक्रियेत झालेली फाट पट्टांची पर्वा करत नाही, ती काट्याच्या बुडातूनही आरपार जाते. आपल्या पहिल्या छायाचित्रात वरच्या टोकाची कड दातेरी दिसते आहे आणि एका काट्याचे बूड अर्धेच उरले आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दुसऱ्या छायाचित्राला आपण ‘पोटाची बाजू’ म्हटले आहे. त्यात सिंग्युलमची दोन टोके एका पातळीवर नाहीत हे आपण अचूक टिपले आहे. पण वरचे टोक पाहणाऱ्याच्या डावीकडे आहे. या कुळात सिंग्युलम पेशीच्या डाव्या बाजूपासून सुरू होऊन पाठीमागून फिरत उजव्या बाजूला खाली उतरलेले असते. पोटाकडून थेट पाहिले तर पेशीची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, म्हणजे वरचे टोक आपल्याला उजवीकडे दिसायला हवे. ते डावीकडे दिसते आहे, याचा अर्थ आपण पोट बाहेरून पाहात नसून सिस्टच्या आरपार, आतल्या बाजूने पाहात आहात. सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी करतो हे खरे, परंतु ते १८० अंशांतून फिरवणे असते, आरशातले प्रतिबिंब नसते. त्याने वरच्या टोकाच्या संदर्भातले डावे-उजवे बदलत नाही.

म्हणजे नमुना पाठ वर करून पडला आहे. फोकस हळूहळू वर घ्या. पाठीचा पृष्ठभाग स्पष्ट झाला की ३″ च्या जागी काय आहे ते पाहा आणि येथे लिहा.

अश्मवेध

गाळवाट, आपले म्हणणे पूर्णपणे खरे ठरले. आज सकाळी १४ ही नमुने पुन्हा पाहिले. सर्वांत वरच्या फोकसवर पाठीच्या मध्यावर एक पाचकोनी, स्वच्छ कडांचे द्वार आहे. आतापर्यंत मी मधल्या फोकसवर थांबत होतो, कारण तेथे बाह्यरेखा सर्वांत सुंदर दिसते. द्वाराच्या कडांवर पडद्यांचे अवशेष सरळ रेषेत आहेत, म्हणजे ते सीमारेषांवरच उघडले आहे. तीन नमुन्यांत गळालेला पट्ट, म्हणजे ओपर्क्युलम, सिस्टच्या पोकळीतच पडलेला आहे आणि त्याच्या कोपऱ्यांवर काट्यांची बुडे दिसतात. वरच्या टोकाचे भोक केवळ ५ नमुन्यांत आहे आणि प्रत्येकात त्याचा आकार वेगळा आहे. ती फाट आहे.

म्हणून पहिले कारण मी मागे घेतो. प्रजाती स्पिनिफेराइट्स ही आता निश्चित मानता येईल असे वाटते. उरलेल्या दोन कारणांवर, म्हणजे मधले काटे आणि तळाचा पडदा यांवर, चर्चा व्हावी.

शिंपला

मी या विषयाची विद्यार्थिनी आहे. दोन मूलभूत प्रश्न विचारते. सिस्ट म्हणजे नेमके काय, आणि ज्या जिवांना कशाभिका असतात, जे पोहतात आणि ज्यांच्यातील कित्येक दुसऱ्या जिवांना खातात, त्यांच्या नामकरणाला वनस्पतींची संहिता का लावली जाते?

खडूखाण

शिंपला, प्रश्न मूलभूत आहेत आणि त्यांची उत्तरे या विषयाच्या इतिहासात दडलेली आहेत.

डायनोफ्लॅजेलेटच्या पोहणाऱ्या पेशीचे कवच बहुधा सेल्युलोजच्या पट्टांचे असते. ते मृत्यूनंतर लवकर सुटे होते आणि कुजून जाते. जीवनचक्रातील एका टप्प्यावर काही जाती जाड भिंतीची, न हलणारी विश्रांती-अवस्था तयार करतात. तीच सिस्ट. ती पेशीच्या कवचाच्या आत तयार होते, म्हणून तिच्यावर त्या कवचाच्या पट्टांचे ठसे उमटतात. तिची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या अतिशय चिवट सेंद्रिय द्रव्याची असते. खडक विरघळवणाऱ्या हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांतही ती टिकते. मात्र जिवंत जातींपैकी फार थोड्या, साधारण सहा-सातांत एक, अशी जीवाश्म होऊ शकणारी सिस्ट तयार करतात. म्हणून आपल्यासमोर येणारे चित्र मुळातच अपुरे असते.

आता इतिहास. ख्रिस्तियान एहरेनबर्ग यांनी १८३० च्या दशकात क्रिटेशस काळातील फ्लिंटच्या पातळ चकत्यांमध्ये हे काटेरी गोळे पाहिले आणि त्यांना झँथिडियम या गोड्या पाण्यातील शैवालाच्या प्रजातीत घातले. गिडिऑन मँटेल यांच्या लक्षात आले की हे गोळे गारगोटीचे नसून लवचीक सेंद्रिय पटलाचे आहेत, आणि १८५० मध्ये त्यांनी स्पिनिफेराइट्स हे नाव दिले. ते नाव नंतर जवळजवळ विसरले गेले. १९३३ मध्ये ऑटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फेरा हे नाव प्रचारात आणले आणि पुढची कित्येक दशके या साऱ्या काटेरी गोळ्यांना ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ म्हटले गेले. ते कोणाचे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर १९६१ मध्ये विल्यम एविट यांनी दाखवून दिले की काट्यांची मांडणी डायनोफ्लॅजेलेटच्या पट्टांशी जुळते आणि भिंतीतील ते नियमित भोक म्हणजे पेशी बाहेर पडण्याचे द्वार आहे. आर्किओपाइल ही संज्ञा त्यांचीच. ज्या गोळ्यांची ओळख पटत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी १९६३ मध्ये ‘ॲक्रिटार्क’ ही वेगळी पेटी केली. त्यानंतर डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्रतळाच्या ताज्या गाळातील जिवंत सिस्ट उबवून त्यांतून पोहणाऱ्या पेशी बाहेर आलेल्या प्रत्यक्ष पाहिल्या.

मला स्वतःला एविट यांचे ते पाऊल या विषयातील सर्वांत सुंदर वाटते. त्यांच्या हाती नवा नमुना नव्हता आणि नवे यंत्रही नव्हते. शतकभर सर्वांसमोर असलेले भोक त्यांनी नियमित आहे म्हणून मोजले. वर गाळवाट यांनी जो आग्रह धरला त्याचे मूळ तेथे आहे.

संहितेबद्दल: परंपरेने या गटाला वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ दोघांनीही आपले मानले. मात्र जीवाश्म सिस्टांची नावे आज शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेप्रमाणे दिली जातात. यात ते वनस्पती आहेत असा दावा नाही. एका गटाला एकच नियमावली असावी एवढाच त्यामागचा हेतू आहे.

मृण्मय

धागाकर्त्यांना एक मनापासूनची विनंती. मूळ लेखात आपण योजलेले नाव लिहिले आहे. ते कृपया आजच काढून टाका.

कारण सांगतो. संहितेप्रमाणे नाव प्रसिद्ध झाले असे मानण्यासाठी ते छापील स्वरूपात किंवा २०१२ पासून आयएसएसएन अथवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनात पीडीएफ स्वरूपात यावे लागते. त्यासोबत लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन अथवा भेददर्शक लक्षणांची नोंद (डायग्नोसिस), एकाच नमुन्याची होलोटाइप (नावाचा आधारभूत नमुना) म्हणून स्पष्ट नोंद, त्या नमुन्याचे चित्र आणि तो ज्या संस्थेच्या संग्रहात ठेवला आहे तिचे नाव, हे सर्व लागते. येथे लिहिलेले नाव यातील काहीच पूर्ण करत नाही, म्हणून ते वैध नाही. तरीही कोणी ते आपल्या तक्त्यात किंवा प्रबंधात उतरवले की ते हिंडू लागते. मग वर्णन नसलेले, होलोटाइप नसलेले एक नाव साहित्यात मागे राहते आणि पुढच्या माणसाला ते निस्तरत बसावे लागते. जुन्या प्रबंधांतून आलेल्या अशा नावांचा माग काढण्यात माझे स्वतःचे कित्येक आठवडे गेले आहेत.

निर्णय होईपर्यंत ‘स्पिनिफेराइट्स, जाती अ’ अशी मोकळी नोंद ठेवावी. ती प्रामाणिकही आहे आणि निरुपद्रवीही.

अश्मवेध

नाव काढले आहे. मसुदाही ‘जाती अ’ या शीर्षकाखाली ठेवला आहे. हा परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता, आभारी आहे.

गाळवाट

आता मधल्या काट्यांकडे वळू. नव्या वाचकांसाठी दोन संज्ञा: तीन पट्टांच्या संधीवर उगवणारे ते गोनल काटे, आणि दोन संधींच्या मध्ये सीमारेषेवर उगवणारे ते इंटरगोनल. रॉसिन्योल यांनी १९६४ मध्ये मिराबिलिस आणि मेंब्रेनेशियस या दोन्ही जातींचे वर्णन केले. मिराबिलिसमध्ये इंटरगोनल काटे पुष्कळ आणि तळाला मोठा पडदा. मेंब्रेनेशियसमध्ये तळाला पडदा पण इंटरगोनल नाहीत. डफ्लांड्र आणि कुकसन यांची १९५५ सालची हायपरअकँथस घेतली, तर इंटरगोनल काटे पुष्कळ आहेत पण तो मोठा पडदा नाही. म्हणजे तीन जातींच्या सीमा केवळ दोन लक्षणांवर उभ्या आहेत. आपला प्रकार या दोन लक्षणांच्या चौकटीत कोठे बसतो हाच आपला प्रश्न आहे आणि म्हणूनच तो नाजूक आहे.

‘काटा नाही’ हे विधान करणे ‘काटा आहे’ या विधानापेक्षा फार अवघड असते. काटा दिसला की तो आहे. दिसला नाही तर तो कधी उगवलाच नव्हता, की उगवून तुटला, हे वेगळे सिद्ध करावे लागते. इंटरगोनल काटे गोनल काट्यांपेक्षा बहुधा बारीक असतात आणि त्यांचे बूड अरुंद असते. त्यामुळे ते आधी तुटतात.

तेव्हा दोन गोष्टी विचारतो. एक, ऑइल इमर्शनच्या १०० पट भिंगाखाली, शक्यतो डिफरन्शियल इंटरफिअरन्स कॉन्ट्रास्टमध्ये (उंचसखलपणा उठावाने दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शन-पद्धतीत), सीमारेषेचा पडदा कडेने पाहा. जेथे काटा तुटला असेल तेथे पडद्याची कड किंचित उंचावलेली दिसते किंवा बारीकसा खुंट राहतो. जेथे काटा नव्हताच तेथे कड सलग असते. दोन, आपण नमुने कसे तयार केले? विशेषतः ऑक्सिडीकरण आणि अल्ट्रासाउंड यांविषयी लिहा.

अश्मवेध

पद्धत अशी: हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट काढले, त्यानंतर प्रयोगशाळेच्या धूर-कपाटात हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिकेट काढले. ऑक्सिडीकरण केले नाही, कारण प्रोटोपेरिडिनियम गटाच्या तपकिरी सिस्ट त्यात नष्ट होतात आणि मला त्यांची गणना हवी होती. शेवटी १० मायक्रॉनच्या चाळणीवर धुतले आणि ग्लिसरीन जेलीत स्लाइड बसवल्या. चाळताना अवशेषात चिखलाचे गोळे फार राहिले होते, म्हणून अल्ट्रासाउंडच्या टाकीत प्रत्येक नमुना सुमारे ४ मिनिटे ठेवला.

भिंगाखाली पुन्हा पाहून निष्कर्ष लिहितो.

मृण्मय

४ मिनिटे पुष्कळ आहेत. मी स्वतः काही सेकंदांपलीकडे जात नाही. अल्ट्रासाउंडने चिखल सुटतो तसे काटेही सुटतात, आणि पातळ पडदेही फाटतात.

शिंपला

खडूखाण यांच्या उत्तराने पुष्कळ उलगडा झाला. त्यावरून पुढचा प्रश्न पडला. सिस्ट उबवून जिवंत पेशी पाहता येत असेल आणि ती पेशी गोनिऑलॅक्सची निघत असेल, तर सिस्टला स्पिनिफेराइट्स हे वेगळे नाव का ठेवायचे? एकाच जिवाला दोन नावे कशी चालतात?

मृण्मय

चालतात. आणि माझ्या मते चालायलाच हवीत.

वॉल आणि डेल यांच्या उबवणीतून एक गुंता पुढे आला. ज्या पेशींना तेव्हा गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा म्हटले जात होते, त्या अगदी वेगवेगळ्या दिसणाऱ्या सिस्टांमधून बाहेर पडल्या. त्यांत स्पिनिफेराइट्सचे प्रकार होते, नेमॅटोस्फेरॉप्सिस होते, बायटेक्टॅटोडिनियमही होते. पुढे हे स्पष्ट झाले की स्पिनिफेरा ही एक जाती नसून एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा समूह आहे. म्हणजे येथे सिस्टमधील भेद पेशीतील भेदांपेक्षा अधिक बोलके होते. उलट, जीवाश्मात आपल्याला पेशी कधीच मिळत नाही. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या स्पिनिफेराइट्समधून कोणती पेशी बाहेर आली हे कोणीही पाहू शकत नाही. अशा वेळी तिला गोनिऑलॅक्स म्हणणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीचा दावा करणे होय. जीवाश्म नमुन्यावर आधारलेले नाव आणि जिवंत नमुन्यावर आधारलेले नाव समानार्थी मानले गेले, तर जिवंताच्या नावाला प्राधान्य द्यावे अशी तरतूद संहितेत आहे. तरीही सिस्टांसाठी स्वतंत्र नाव वापरण्याची दुहेरी पद्धत अभ्यासकांनी जाणीवपूर्वक टिकवली आहे.

कोणत्या लक्षणाला किती वजन द्यावे, हा वाद या विषयात सतत चालू असतो. वेट्झेलिएला ही जीवाश्म सिस्टांची प्रजाती आणि तिचे नातेवाईक यांचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उपकुळाची प्रामुख्याने द्वाराच्या आकारावर नव्याने मांडणी केली. त्यात पॅलिओसीन-इओसीन सीमेवरील तापमानवाढीची खूण म्हणून सर्वांना पाठ असलेली ॲपेक्टोडिनियम ऑगस्टम ही जाती ॲक्सिओडिनियम या वेगळ्या प्रजातीत गेली. दोन वर्षांनी बेल आणि इतरांनी त्या मांडणीवर लेखी आक्षेप घेतले. मला स्वतःला द्वाराला पहिले स्थान देणे पटते. पण जे लक्षण निम्म्या नमुन्यांत नीट वाचताच येत नाही, त्यावर प्रजातींची सर्व इमारत उभी करण्यास मी कचरतो. प्रत्यक्ष गणना करणाऱ्या माणसाला ते ओळखता आले पाहिजे.

अश्मवेध

निष्कर्ष लिहायला उशीर झाला, कारण मी केवळ जुन्या स्लाइड पाहून थांबलो नाही. त्याच खडकाचा शिल्लक तुकडा घेऊन अल्ट्रासाउंडशिवाय नवीन अवशेष तयार केला. चाळणीवर मऊ कुंचल्याने आणि पुष्कळ पाण्याने हळूहळू धुतला. त्याला दोन दिवस लागले.

आधी जुन्या स्लाइडविषयी. ऑइल इमर्शनखाली पहिल्याच नमुन्यात, पाठीकडील चौथ्या आणि पाचव्या प्रिसिंग्युलर पट्टांमधल्या सीमारेषेवर दोन खुंट दिसले. प्रत्येक खुंट जेमतेम १ मायक्रॉन उंच आहे, वरची कड तिरपी कापल्यासारखी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पडदा किंचित वर चढलेला आहे. गाळवाट यांनी जसे लिहिले होते अगदी तसेच. ४० पट भिंगाखाली ही कड मला सलग दिसली होती. ‘इंटरगोनल नाहीत’ अशी नोंद केलेल्या ११ नमुन्यांपैकी ९ नमुन्यांत असे खुंट सापडले. उरलेल्या २ नमुन्यांवर गाळाचा लेप असल्याने काहीच सांगता येत नाही.

नवीन अवशेषात या प्रकाराचे २७ नमुने मिळाले. त्यांतील प्रत्येकात इंटरगोनल काटे आहेत, बहुतेक सीमारेषांवर दोन, क्वचित तीन. हे काटे गोनल काट्यांपेक्षा स्पष्टपणे बारीक आहेत आणि त्यांची टोके दुभंगलेली आहेत, तिभंगलेली नाहीत. मी ज्याला जातीचे लक्षण समजत होतो ते माझ्याच टाकीत घडले होते.

राहिला पडदा. २७ पैकी १९ नमुन्यांत तो पूर्ण, रुंद आणि टोकाशी किंचित झालरदार आहे. ६ नमुन्यांत तो अरुंद आहे, आणि २ नमुन्यांत दोन काट्यांच्या बुडाशी केवळ उंचवटा आहे. या तीन अवस्थांच्या मध्ये कोठेही रेघ ओढता येत नाही. एका ओळीत मांडले तर एकातून दुसरी अवस्था सहज निघते.

गाळवाट

हे काम आपण ज्या निष्ठेने केले ते पाहून फार समाधान वाटले. नवीन अवशेष तयार करण्याचा निर्णय हाच या धाग्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

पडद्यातील ही सलग विविधता जपून नोंदवा. ज्यांत केवळ उंचवटा आहे ते २ नमुने वेगळे काढून कोणी पाहिले, तर तो त्यांना हायपरअकँथस म्हणेल, आणि एकेका नमुन्यापुरते ते चूकही ठरणार नाही. मिराबिलिस आणि हायपरअकँथस यांना गणनेत एकत्र धरण्याची प्रथा पडली आहे ती याच कारणाने. वातावरणाचा प्रभावही विसरू नका. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या सिस्टमध्ये पाण्याची क्षारता कमी झाली की काटे आखूड होतात, हे आधुनिक गाळातील मोजमापांवरून दाखवले गेले आहे. काळ्या समुद्रातील स्पिनिफेराइट्स क्रुसिफॉर्मिसचे पडदे आणि काटे तर इतके बदलतात की दोन टोकांचे नमुने शेजारी ठेवले असता एक जाती वाटत नाहीत. म्हणून पडद्याची रुंदी केवळ वर्गीकरणासाठी नव्हे, तर खडकातील थरानुसारही मोजून ठेवावी. ती थरागणिक बदलत असेल, तर त्यात वेगळी माहिती आहे.

शिंपला

मोजमापे किती नमुन्यांची द्यावीत? आमच्याकडे काही जण ५ नमुन्यांवर भागवतात.

गाळवाट

जेवढे मिळतील तेवढ्यांची, आणि संख्या नेहमी लिहावी. किमान, सरासरी आणि कमाल असे तीन आकडे या क्रमाने द्यावेत. सरासरी कंसात ठेवण्याची पद्धत आहे. गोळ्याची लांबी काटे वगळून मोजावी आणि तसे स्पष्ट लिहावे, कारण काटे धरून दिलेली मापे दुसऱ्याच्या मापांशी ताडून पाहता येत नाहीत.

अश्मवेध

चर्चेनुसार सुधारलेली नोंद देतो. नवी जाती हा दावा मी मागे घेत आहे.

कुळ गोनिऑलॅकेसी, प्रजाती स्पिनिफेराइट्स. जाती: स्पिनिफेराइट्स मिराबिलिस, व्यापक अर्थाने. मधला गोळा अंडाकृती, वरच्या टोकाला उंचवटा नाही. भिंत दोन थरांची, थर काट्यांच्या बुडांपुरतेच एकमेकांपासून अलग; पृष्ठभाग गुळगुळीत ते बारीक दाणेदार. पट्टांच्या सीमा बुटक्या पडद्यांनी दर्शवलेल्या. गोनल काटे टोकाशी तिभंगलेले, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगलेला. इंटरगोनल काटे बारीक, दुभंगलेले, बहुतेक सीमारेषांवर दोन. तळाच्या दोन काट्यांना जोडणारा पडदा बहुधा रुंद, परंतु अरुंद ते केवळ उंचवट्याइतका असा सलग बदलणारा. सिंग्युलम डावीकडून उतरते. आर्किओपाइल प्रिसिंग्युलर, ३″ पट्ट गळून झालेले, ओपर्क्युलम सुटे, कधी कधी पोकळीत पडलेले. गोळ्याची लांबी, काटे वगळून, ४६ (५३) ६१ मायक्रॉन. मोजलेले नमुने २७, सर्व अल्ट्रासाउंडशिवाय तयार केलेल्या अवशेषातून.

टीप म्हणून पुढील वाक्य जोडले आहे: अल्ट्रासाउंडमध्ये ४ मिनिटे ठेवलेल्या अवशेषातील नमुन्यांत इंटरगोनल काटे बुडाशी तुटलेले आढळले. असे नमुने मिराबिलिस आणि मेंब्रेनेशियस यांच्या मधल्या रूपाचा आभास निर्माण करतात.

मृण्मय

नोंद उत्तम झाली आहे. ती टीप वगळू नका. मधल्या रूपांच्या ज्या जुन्या नोंदी साहित्यात आहेत, त्यांतील काहींचे मूळ अशाच टाकीत असू शकेल, आणि त्या तपासणाऱ्याला आपले हे वाक्य उपयोगी पडेल.

एकच भर घाला. खुंट दिसलेला तो पहिला नमुना आणि नवीन अवशेषातील सर्व काटे शाबूत असलेला एक नमुना, या दोन्हींच्या स्लाइडचे क्रमांक आणि इंग्लंड फाइंडरवरील (स्लाइडवरची जागा वाचण्यासाठी आखलेल्या काचेवरील) स्थाने नोंदीत लिहा. ग्लिसरीन जेलीत नमुना कालांतराने सरकतो, म्हणून लेबल स्लाइडच्या कोणत्या बाजूला धरून स्थान वाचले तेही लिहावे.

अश्मवेध

दोन्ही स्थाने आज वाचून नोंदीत घातली आहेत, लेबल डावीकडे धरून. दोन्ही स्लाइडच्या कडा वार्निशने बंद केल्या आहेत.